डिलन डिस्ट्रिक्ट दोन : आगगाडी, एक सेंट आणि ‘किमान पुरेसे’ शिक्षण

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या डिलन गावी जे. व्ही. मार्टिन नावाची शाळा होती. तिच्या आवारातला सर्वांत जुना भाग १८९६ सालचा होता. छत गळत असे, भिंतींच्या रंगाचे पोपडे निघालेले असत आणि जवळून आगगाडी जाऊ लागली की शिक्षकांना शिकवणे थांबवावे लागे. दिवसातून सहा वेळा असे होई, हा आकडा पुढे राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात आल्यामुळे प्रसिद्ध झाला. गाडी निघून गेली की शिक्षक खडू पुन्हा हातात घेत आणि वाक्य जिथे तुटले होते तिथून पुढे सुरू होई. यातली गंमत अशी की हे गावच मुळी रुळांमुळे वसले. १८८८ च्या सुमारास रेल्वे इकडून जावी म्हणून ज्याने आपली जमीन देऊ केली, त्या जेम्स डिलन या व्यापाऱ्याचेच नाव गावाला मिळाले. पुढे १९१० साली मॅरियन काउंटीतून (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) वेगळ्या झालेल्या काउंटीनेही तेच नाव घेतले. गाडीने गाव आणले, कापसाच्या आणि तंबाखूच्या गाठी बाहेर नेल्या, कापडगिरण्या उभ्या राहू दिल्या. गिरण्या गेल्या तरी गाडी जातच राहिली.

या शाळेचा कारभार ‘डिलन काउंटी स्कूल डिस्ट्रिक्ट टू’ या संस्थेकडे होता. १९९३ साली साउथ कॅरोलायनातील ४० गरीब स्कूल डिस्ट्रिक्टांनी राज्याविरुद्ध शिक्षणनिधीचा दावा दाखल केला आणि त्यांतील आठ डिस्ट्रिक्टांचे पुरावे प्रत्यक्ष सुनावणीत तपासले गेले. डिलन टू त्या आठांपैकी एक होते. वादींच्या यादीत ॲबेव्हिल काउंटी अकारविल्हे पहिली असल्याने खटला ‘ॲबेव्हिल’ या नावाने ओळखला जातो. तो २४ वर्षे चालला. या टिपणात मी त्या खटल्याकडे डिलनच्या बाजूने पाहणार आहे, कारण ग्रामीण शाळेची गुणवत्ता आणि तिच्याकडे येणारा पैसा यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो, हे या एका गावाच्या हिशेबातून जितके स्पष्ट दिसते तितके राज्यभराच्या सरासरीतून दिसत नाही.

‘मिल’ म्हणजे गिरणी नव्हे

अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडील जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग नव्हे. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, त्यामुळे गावातल्या घरांच्या किमतीवरून मास्तरांचा पगार ठरत नाही. अमेरिकेतील डिस्ट्रिक्ट हे शाळा चालवण्यापुरते वेगळे स्थानिक शासन असते. त्याचे स्वतःचे मंडळ असते, स्वतःचा अधीक्षक असतो आणि त्याच्या उत्पन्नाचा एक मोठा हिस्सा हद्दीतील मालमत्तेवरच्या करातून येतो. साउथ कॅरोलायनात हा कर वाढवण्याचा अधिकारही सर्व डिस्ट्रिक्टांना सारखा नाही. काही डिस्ट्रिक्ट तो स्वतः वाढवू शकतात, काहींना काउंटी कौन्सिलकडे जावे लागते, तर काहींना थेट राज्याच्या कायदेमंडळातील आपल्या प्रतिनिधींकडे.

कराचे माप ‘मिल’ हे आहे. करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर म्हणजे एक मिल. करपात्र मूल्य म्हणजे बाजारभाव नव्हे. मालक स्वतः राहत असलेल्या घराचे ४ टक्के, भाड्याच्या घराचे आणि दुकानाचे ६ टक्के, कारखान्याचे १०.५ टक्के मूल्य खटल्याच्या काळात करासाठी धरले जाई. समजा, डिलनमध्ये एखादे घर ६०,००० डॉलरचे आहे. त्याचे करपात्र मूल्य २,४०० डॉलर आणि एका मिलचे उत्पन्न २ डॉलर ४० सेंट. आता समजा, त्याच गावात एक कोटी डॉलरची कापडगिरणी आहे. तिचे करपात्र मूल्य साडेदहा लाख डॉलर, आणि तोच एक मिल तिच्याकडून १,०५० डॉलर मिळवून देतो. म्हणजे शाळेच्या दृष्टीने ती एक गिरणी अशा सुमारे ४३७ घरांच्या बरोबरीची आहे. आपण गिरणीलाच मिल म्हणतो. डिलनच्या बाबतीत हा शब्दांचा योगायोग अगदीच निरर्थक नाही, कारण तिथे गिरणी बंद पडली की कराचा मिलही आटत असे. मग दर वाढवायचा झाला तर तो उरलेल्या घरांवर आणि दुकानांवर पडणार. आणि बोजा अशा लोकांवर, ज्यांची नोकरी त्याच गिरणीबरोबर गेलेली आहे.

राज्य ही तफावत भरून काढत नव्हते असे नाही. १९७७ च्या शिक्षण वित्त कायद्यानुसार दर विद्यार्थ्यामागे एक पायाभूत खर्च ठरवला जाई, त्याचा सरासरी ७० टक्के भार राज्य उचले आणि ३० टक्के डिस्ट्रिक्ट. प्रत्येक डिस्ट्रिक्टचा नेमका वाटा त्याच्या ‘करदान क्षमते’च्या निर्देशांकावरून ठरे, म्हणजे गरीब डिस्ट्रिक्टला राज्याकडून जास्त मिळे. कागदावर ही रचना वाईट नव्हती. पण ती दैनंदिन खर्चापुरती होती. इमारत बांधायची झाली तर कर्ज काढावे लागे आणि राज्यघटनेप्रमाणे डिस्ट्रिक्टला सार्वमत न घेता आपल्या हद्दीतील एकूण करपात्र मूल्याच्या फक्त ८ टक्क्यांपर्यंत कर्ज उभारता येते. किनाऱ्यावरच्या बंगल्यांनी भरलेल्या ब्यूफर्टमध्ये ८ टक्के म्हणजे नवी कोरी हायस्कुले. डिलनमध्ये ८ टक्के म्हणजे छपराची डागडुजी. १८९६ सालची भिंत शंभर वर्षांनंतरही वापरात का होती, याचे उत्तर कुणाच्या निष्काळजीपणात शोधण्यापूर्वी या एका टक्केवारीत शोधावे लागते.

मॅनिंगचे न्यायालय

ॲबेव्हिल खटल्याची सुनावणी क्लॅरेंडन काउंटीच्या मॅनिंग या गावी झाली. या जागेचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१९४७ साली याच काउंटीत लेव्हाय पिअर्सन या काळ्या शेतकऱ्याने आपल्या मुलांसाठी शाळेच्या बसची मागणी केली. गोऱ्या मुलांसाठी बस होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. त्या मागणीतून पुढे ‘ब्रिग्ज विरुद्ध एलियट’ हा खटला उभा राहिला आणि १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा ‘ब्राउन’ या नावाखाली एकत्र केलेल्या पाच खटल्यांत तो एक होता. दरम्यान राज्याने दोन गोष्टी केल्या. १९५१ साली गव्हर्नर जेम्स बर्न्स यांनी ३ टक्के विक्रीकर बसवला आणि त्यातून काळ्या मुलांसाठी वेगळ्या पण ‘बरोबरीच्या’ दिसतील अशा शाळा बांधायला काढल्या, जेणेकरून न्यायालयाला भेद मोडण्याचे कारण उरू नये. दुसरे म्हणजे, १९५२ साली मतदारांनी राज्यघटनेतून सार्वजनिक शाळा चालवण्याची जबाबदारीच काढून टाकण्याला कौल दिला. शाळा एकत्र करण्याची वेळ आलीच तर शाळाच नकोत, असा तो सरळ हिशेब होता. आज जे कलम आहे ते १९७३ साली परत आले आणि त्यात इतकेच म्हटले आहे की, राज्यातील सर्व मुलांना खुल्या अशा मोफत सार्वजनिक शाळांची व्यवस्था कायदेमंडळाने चालवावी आणि तिला आधार द्यावा. त्या शाळा कशा असाव्यात, याविषयी कलमात एकही विशेषण नाही.

ते विशेषण न्यायालयाने पुरवले. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळल्यानंतर एप्रिल १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. समान निधी मिळावा ही मागणी मात्र अमान्य केली. मुलांना समान शिक्षणाचा नव्हे, तर ‘किमान पुरेशा’ शिक्षणाची संधी मिळण्याचा हक्क आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. लिहिता-वाचता येणे, इंग्रजीत बोलता येणे, गणिताचे आणि भौतिक विज्ञानाचे ज्ञान, देशाच्या आर्थिक, सामाजिक आणि राजकीय व्यवस्थेची मूलभूत ओळख, काही शैक्षणिक आणि व्यावसायिक कौशल्ये, आणि हे सर्व सुरक्षित व पुरेशा इमारतींत. ‘किमान पुरेसे’ या शब्दजोडीची पुढे बरीच चेष्टा झाली आणि ती रास्तच होती, कारण आपल्या मुलासाठी कोणीही आईबाप हे शब्द वापरणार नाहीत. तरीही कायद्याच्या दृष्टीने ती पायरी महत्त्वाची होती. आता वाद शेजारच्या श्रीमंत डिस्ट्रिक्टशी तुलना करण्याचा उरला नव्हता. डिलनच्या वर्गातील मुलाला प्रत्यक्ष काय येते, हा प्रश्न न्यायालयापुढे आला होता.

न्यायाधीश टॉमस कूपर यांच्यापुढे २००३ च्या जुलैपासून २००४ च्या डिसेंबरपर्यंत १०२ दिवस सुनावणी चालली आणि शंभराहून अधिक साक्षीदार तपासले गेले. राज्याच्या बाजूने मांडलेला मुख्य मुद्दा असा होता की, या डिस्ट्रिक्टांमध्ये दर विद्यार्थ्यामागे होणारा खर्च राज्याच्या सरासरीपेक्षा कमी नाही. तो मुद्दा खोटा नव्हता, आणि वादींची बाजू घेऊन लिहिणारे तो अनेकदा घाईने ओलांडून पुढे जातात. गरीब मुलांसाठीचा केंद्राचा निधी, दुपारच्या जेवणाचे अनुदान, राज्याचा मोठा वाटा हे सगळे मिळवले की बेरीज बरी दिसे. पण भागाकारात दोन गोष्टी लपतात. पहिली अशी की, लहान डिस्ट्रिक्टलाही अधीक्षक, हिशेबनीस, बसचे वेळापत्रक आणि विशेष शिक्षण विभाग लागतोच. पटसंख्या कमी असल्याने हा ठरलेला खर्च थोड्या मुलांमध्ये वाटला जातो आणि दरडोई आकडा फुगतो. दुसरी अशी की, केंद्राचा पैसा ज्या गरजेसाठी येतो ती गरज शेजारच्या सुखवस्तू डिस्ट्रिक्टमध्ये नसतेच. ज्या मुलाच्या घरी पाच वर्षांचे होईपर्यंत पुस्तक आलेले नाही, त्याला पहिलीच्या पातळीवर आणण्यासाठी खर्चलेला डॉलर आणि ब्यूफर्टमध्ये दुसरी परकीय भाषा शिकवण्यासाठी खर्चलेला डॉलर ताळेबंदात एकाच रकान्यात बसतात.

आणि परीक्षांचे निकाल? राज्याने १९९८ च्या उत्तरदायित्व कायद्याने प्रत्येक शाळेची आणि डिस्ट्रिक्टची वार्षिक प्रगतिपुस्तक काढायला सुरुवात केली होती. मुलांना परीक्षेत चार पातळ्या होत्या, ‘मूलभूतच्या खाली’पासून ‘प्रगत’पर्यंत, आणि शाळांना पाच श्रेणी, ‘असमाधानकारक’पासून ‘उत्कृष्ट’पर्यंत. आठ वादी डिस्ट्रिक्टांमधील शाळा या शिडीच्या तळाशी दाटीने बसलेल्या दिसत. विद्यार्थी बहुसंख्येने काळे आणि बहुसंख्येने मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र होते. शिक्षक येत आणि जात. स्थानिक पगारवाढ देण्याची ऐपत नसल्याने नवशिका शिक्षक दोन वर्षे अनुभव घेऊन मोठ्या गावच्या डिस्ट्रिक्टकडे निघून जाई. राज्याने स्वतःच मोजपट्टी बनवली होती आणि त्या मोजपट्टीवर स्वतःच्याच शाळांना नापास ठरवले होते; वादींना पुराव्यासाठी फार दूर जावे लागले नाही.

२९ डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश कूपर यांनी निकाल दिला, तेव्हा दोन्ही बाजू खट्टू झाल्या. इमारती सुरक्षित आणि पुरेशा आहेत, अभ्यासक्रम पुरेसा आहे, शिक्षक परवानाधारक आहेत, असे त्यांनी ठरवले. राज्य कमी पडले ते एकाच ठिकाणी: गरिबीमुळे मागे पडलेल्या मुलांना शाळेत येण्याआधी आणि सुरुवातीच्या इयत्तांत हात देण्यात. मला हा निकाल इमारतींबाबत चुकीचा वाटतो, पण बाकीच्या भागात त्याची नजर तीक्ष्ण होती. पैसा शाळेपर्यंत पोचतो की नाही याच्यापेक्षा मूल शाळेपर्यंत कोणत्या अवस्थेत पोचते, हे पाहणारा तो निकाल होता. कायदेमंडळाने २००६ मध्ये वादी डिस्ट्रिक्टांतील गरजू चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाची बालवाडी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली, जी पुढे राज्यभरातील गरीब डिस्ट्रिक्टांपर्यंत गेली. खटल्याचे प्रत्यक्ष, मोजता येण्यासारखे फळ कोणते असे विचारले तर मी आधी हीच बालवाडी दाखवीन.

एका सेंटाचा आधार

त्याच २००६ सालात त्याच कायदेमंडळाने आणखी एक कायदा केला, ॲक्ट ३८८. मालक राहत असलेल्या घरांवरचा शाळेच्या दैनंदिन खर्चाचा कर माफ झाला आणि त्याच्या बदल्यात विक्रीकर ५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला. म्हणजे डॉलरमागे आणखी एक सेंट. साउथ कॅरोलायनाची ही जुनी सवय आहे. १९५१ मध्ये शाळांसाठी विक्रीकर, १९८४ मध्ये गव्हर्नर रिचर्ड रायली यांच्या शिक्षण सुधारणांसाठी आणखी एक सेंट, आणि आता घरमालकांना दिलासा देण्यासाठी पुन्हा एक. घराचा कर कंटाळवाणा असतो पण स्थिर असतो. घर मंदीत पळून जात नाही. विक्रीकर मात्र बाजाराबरोबर चढतो आणि बाजाराबरोबर कोसळतो. कायदा लागू झाल्यानंतर वर्षभरातच २००८ चे आर्थिक अरिष्ट आले. दर विद्यार्थ्यामागचा पायाभूत खर्च घसरत सुमारे १,६०० डॉलरवर आला, म्हणजे जवळपास दीड दशक मागे. श्रीमंत डिस्ट्रिक्टांकडे दुकाने, हॉटेले आणि सुट्टीसाठी ठेवलेली दुसरी घरे होती, ज्यांच्यावरचा कर शाबूत होता. डिलनकडे त्यांतले फारसे काही नव्हते.

इथे एक माणूस आपोआप या प्रकरणात येतो. अरिष्टाच्या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष असलेले बेन बर्नान्की हे डिलनचेच. आजोबांनी घेतलेले औषधांचे दुकान त्यांचे वडील आणि काका चालवत. १९७१ साली ते डिलन हायस्कूलमधून उत्तीर्ण झाले. तिथे कलनशास्त्र शिकवले जात नसल्याने त्यांनी ते स्वतःच पुस्तकावरून शिकले. आणि हार्वर्डला जावे म्हणून त्यांची समजूत घातली ती गावातल्याच एका काळ्या कुटुंबातील केनेथ मॅनिंग यांनी, जे पुढे एमआयटीत प्राध्यापक झाले. अशी उदाहरणे ‘हुशार मूल कुठेही चमकते’ या बाजूने देण्याचा मोह होतो. मला त्यात दुसरेच दिसते: दिवसाकाठी गणिताचा एक तास अधिक ठेवण्याइतका शिक्षक ज्या शाळेकडे नाही, तिथे त्या शिक्षकाची जागा मुलाने स्वतः किंवा शेजाऱ्याने भरावी लागते, आणि सगळ्यांना तसा शेजारी मिळत नाही. २००९ च्या सुरुवातीला बातमी आली की, बर्नान्की लहानपणी ज्या घरात राहत होते ते घर नंतरच्या मालकाचे कर्ज थकल्याने जप्त होऊन विकले गेले. शाळेचा निधी ज्या मालमत्तेवर उभा होता तिची अवस्था दाखवायला वेगळा तक्ता नको.

त्याच सुमारास जे. व्ही. मार्टिन शाळेचे नाव देशभर गेले. आठवीतील एक मुलगी सार्वजनिक वाचनालयात गेली, तिथे तिने काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, सदस्यांना उद्देशून पत्र टाइप केले आणि तिकिटाचे पैसे मुख्याध्यापकांकडून मागून घेतले. आम्ही वकील, डॉक्टर, काँग्रेसचे सदस्य, एखाद दिवशी राष्ट्राध्यक्षही होऊ पाहणारे साधे विद्यार्थी आहोत, आम्ही माघार घेणारे नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. २४ फेब्रुवारी २००९ रोजी बराक ओबामा यांनी काँग्रेसपुढील भाषणात ते वाचून दाखवले, तेव्हा ती मुलगी मिशेल ओबामा यांच्याजवळ सज्जात बसली होती. उमेदवार असताना २००७ मध्ये ओबामांनी ही शाळा स्वतः पाहिली होती. २००५ सालच्या एका माहितीपटामुळे आंतरराज्य महामार्ग ९५ लगतच्या या सगळ्या डिस्ट्रिक्टांना ‘लाजेचा पट्टा’ असे नाव पडले होते. पत्राने त्या पट्ट्याला एक चेहरा दिला.

पत्राला टाळ्या मिळाल्या. पैशाची वाट मात्र वाकडीच राहिली. अर्थव्यवस्थेला चालना देण्याच्या केंद्राच्या कायद्यातून शाळाबांधणीसाठीची स्वतंत्र तरतूद शेवटच्या मसुद्यात गळली होती. त्या कायद्यानुसार साउथ कॅरोलायनाला मिळू शकणारे सुमारे ७० कोटी डॉलर मागायलाच गव्हर्नर मार्क सॅनफर्ड तयार नव्हते, कारण ती रक्कम राज्याचे कर्ज फेडायला वापरावी असा त्यांचा आग्रह होता. जून २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अर्ज करण्याचा आदेश दिला. त्याने शिक्षकांच्या नोकऱ्या काही काळ वाचल्या, पण डिलनची इमारत त्यातून उभी राहणार नव्हती.

निकाल, आणि निकालाचा निकाल

न्यायाधीश कूपर यांच्या निकालावरील अपिलाचा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातला निर्णय १२ नोव्हेंबर २०१४ रोजी लागला, तो ३ विरुद्ध २ मतांनी. सुनावणी संपून दहा वर्षे झाली होती. वादींचे एक प्रमुख वकील स्टीव्ह मॉरिसन त्याच्या वर्षभर आधी वारले होते, आणि २००३ मध्ये साक्षीत ज्यांचा उल्लेख आला ती पहिलीतील मुले हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला पोचली होती. सरन्यायाधीश जीन टोल यांनी लिहिलेले बहुमताचे निकालपत्र मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. राज्याने पैसे दिले नाहीत असे त्यात म्हटलेले नाही. दिलेला पैसा आणि मिळालेले फळ यांचा सांधा तुटला आहे, असे म्हटले आहे. कायद्यांवर कायदे रचत गेल्याने निधीची रचना विस्कळीत झाली, तिचे तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि परिणामी या मुलांना घटनेने देऊ केलेली संधी मिळत नाही, असा तो निष्कर्ष होता. चांगल्या शिक्षकांचा तुटवडा, मुलांचे बसमधील लांबलचक प्रवास आणि गरिबी यांची त्यात दखल आहे. बसविषयीचा भाग मी दोनदा वाचला. साउथ कॅरोलायना हे शाळेच्या बसगाड्या स्वतः बाळगणारे आणि चालवणारे राज्य आहे, आणि मॅनिंगच्याच काउंटीत ६७ वर्षांपूर्वी वाद सुरू झाला होता तो बसवरूनच.

निकालपत्राने डिस्ट्रिक्टांनाही सोडले नाही. अगदी लहान डिस्ट्रिक्टांचा प्रशासकीय खर्च प्रमाणाबाहेर जातो, त्यांनी विलीनीकरणाचा विचार करावा, असे त्यात सुचवले आहे. डिलन टू तोवर शेजारच्या लेक व्ह्यूच्या डिस्ट्रिक्टमध्ये मिळून ‘डिलन फोर’ झालेही होते. विलीनीकरणाने एका अधीक्षकाचा पगार वाचतो हे खरे. पण दोन गरीब करपात्र मूल्यांची बेरीज केली तर ती गरीबच राहते.

उपाय काय, हे न्यायालयाने सांगितले नाही. दोन्ही बाजूंनी एकत्र बसून ठरवावे, असे सांगितले. तिथेच निकाल सैल झाला. २०१५ मध्ये न्यायालयाने मुदत घातली आणि तज्ज्ञांची समिती नेमण्याचा आदेश काढला, तेव्हा कायदेमंडळाच्या नेत्यांनी आपल्या अधिकारावर हे आक्रमण असल्याची तक्रार केली, आणि न्यायालयाला पाऊल मागे घ्यावे लागले. वर्षअखेर टोल निवृत्त झाल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने, पुन्हा ३ विरुद्ध २ मतांनी, पण आता उलट दिशेने, प्रकरणावरची देखरेख संपवली. २०१४ चा निकालच चुकीचा होता आणि शाळांना किती व कसा पैसा द्यायचा हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही, अशी नव्या बहुमताची भूमिका होती. मधल्या तीन वर्षांत घटनेचे कलम बदलले नव्हते, डिलनची गरिबीही बदलली नव्हती. खंडपीठावरची माणसे बदलली होती.

कायदेमंडळ यानंतर अगदी स्वस्थ बसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षकांचे किमान वेतन वाढले, वादी डिस्ट्रिक्टांच्या इमारतींसाठी काही रकमा निघाल्या, आणि २०२२ मध्ये १९७७ चे सूत्र बाजूला ठेवून दर ११.२ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक या हिशेबाने निधी देण्याची पद्धत आली, ज्यात राज्याचा सरासरी वाटा ७५ टक्के झाला. या सूत्राची भाषा तरी साधी आहे. मुलांची संख्या माहीत असेल तर कुठल्याही पालकाला आपल्या शाळेला किती शिक्षकांचा पैसा येतो हे कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. कर्जाची ८ टक्क्यांची मर्यादा मात्र घटनेत आहे तशीच आहे.

राहिली इमारत. डिलनमध्ये नवे मिडल स्कूल २०१२ साली उघडले, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या दोन वर्षे आधी, आणि ते राज्याच्या शिक्षणनिधीतून उभे राहिले नाही. पैसा आला तो केंद्रीय कृषी विभागाच्या ग्रामविकास कर्जातून, आणि ते कर्ज फेडायचे ठरले डिलन काउंटीच्या मतदारांनी शाळांच्या इमारतींसाठी स्वतःहून मंजूर केलेल्या जादा एका सेंटाच्या विक्रीकरातून. राज्याच्या सीमेवर, महामार्ग ९५ च्या कडेला, ‘साउथ ऑफ द बॉर्डर’ नावाचा भडक रंगांचा थांबा आहे. विद्यार्थीदशेत बर्नान्की तिथे वेटर म्हणून काम करत. फ्लोरिडाकडे निघालेले प्रवासी तिथे फटाके, टोप्या आणि जेवण घेतात, आणि प्रत्येक डॉलरमागे त्या शाळेचा एक सेंट देऊन, ती शाळा न पाहताच, पुढे निघून जातात.